कूर्मप्पाची समाधी

देवणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कुणालाही विचारा, "शिवगंगाचं दुकान कुठं हाय?" समोरचा आधी हसणार, मग वाट दाखवणार. हसणार अशासाठी की या बाईकडं तेल-मीठ घ्यायला गेलं की दोन बोल वरकड मिळतात. परवा एक सून आली, साखर तोलता तोलता सासूचं गाऱ्हाणं सांगायला लागली. शिवगंगानं तराजू तसाच धरून ठेवला. म्हणाली, "साखर इथं तोलते, सासू न्हाई तोलत. तिला जे सांगायचं ते तिच्याच म्होरं जाऊन सांग. मी तसंच केलं होतं." पोरगी साखर घेऊन गेली आणि म्हणे घरी जाऊन खरंच बोलली. दुसऱ्या दिवशी सासू भांडायला दुकानात आली, ती जाताना शेंगदाणे घेऊन हसत गेली.

मी धुरपता, तिची शेजारीण. माझंही तोंड काही कमी फटकळ नाही, पण शिवगंगापुढं मी गाय. आता ती साठीला टेकली, गुडघे धरतात, तरी गल्ल्यावर बसली की सगळी गल्ली ताळ्यावर. लोकांना वाटतं ही जन्मतःच अशी. अहो, कशाची! नवी नवरी म्हणून आली तेव्हा महिनाभर तिचा आवाज मी शेजारी राहून ऐकला नव्हता. मला वाटलं, मुकी पोरगी गळ्यात मारली की काय तिच्या माहेरच्या, देगलूरच्या लोकांनी. तिचं तोंड कसं उघडलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते. आणि ते उघडलं एका कासवापायी.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. आधी आम्ही उस्मानाबादचे, त्याच्याही आधी निजामात बिदरचे. आता लातूरचे म्हणून गावातले कारभारी छाती काढून फिरत होते. पाऊस मात्र त्या साली दगा देऊन गेला. पोळ्याला जेमतेम भुरभुर, मग तीही बंद. शिवगंगाचे सासरे मलप्पा अप्पा, त्यांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लागून, मागं त्यांचं घर, घरामागं आड. त्या आडात कूर्मप्पा राहायचा.

कूर्मप्पा म्हणजे कासव. पाठीवर पिवळे ठिपके, डुकरासारखं लांब नाक, परातीएवढा पसारा. पण खबरदार, त्या घरात त्याला कुणी कासव म्हणेल तर! मलप्पा अप्पांच्या आजोबांच्या वेळेपासून तो तिथं होता असं ते सांगायचे. "आमचा कूर्मप्पा जागचा हलला न्हाई, पण तीन जिल्हे फिरला," असं म्हणून अप्पा पोट धरून हसायचे. त्यांची बायको सिद्धम्मा काकू रोज पूजा झाली की भाकरीचा तुकडा आडात टाकायची. देवळात नंदीपुढं कासव असतं ना, मग हा म्हणजे आपल्या घरचा शंकराचा माणूस, असा तिचा हिशेब. तिचं म्हणणं, कूर्मप्पा कडक शाकाहारी. मी त्याला आडात बेडूक मटकावताना दोनदा बघितलं होतं. पण म्हातारीच्या भक्तीवर पाणी कशाला ओता, म्हणून मी गप्प.

तर त्या घरची एक रीत होती. नवी सून उंबरा ओलांडून आली की सरळ आडावर न्यायची. तिनं पुरणपोळीचा घास खाली सोडायचा. कूर्मप्पा वर येऊन खाऊन गेला की सून घरची झाली. सिद्धम्मा काकू स्वतः नवरी होती तेव्हा म्हणे तो पाण्यावर येऊन तिच्याकडं टक लावून बघत राहिला होता. ही गोष्ट ती इतक्यांदा सांगायची की आमच्या म्हशीलासुद्धा पाठ झाली असेल.

तुळशीचं लग्न लागलं आणि अप्पांच्या पोराचं, ईश्वरप्पाचं, लग्न झालं. शिवगंगा आली. हिरवा शालू, कपाळाला विभूती, खाली मान. आडाभोवती सगळी गल्ली जमली. तिनं घास सोडला. खाली पाणी कसलं, वीतभर गढूळ राबडी उरली होती. घास त्यात पडला तो पडूनच राहिला. सिद्धम्मा काकूनं हाका मारल्या, "कूर्मप्पा, ये बाबा! सून आली बघ!" कूर्मप्पाचा पत्ता नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "झोपला असंल काकू, थंडी किती पडलीय." काकूनं माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सारखा करून घरात गेले.

पुढं पंधरवड्यात आड पार कोरडा पडला. अप्पांनी माझ्या नवऱ्याला, ग्यानोबाला, गाळ काढायला खाली उतरवलं. आम्ही त्यांची जमीन बटईनं करायचो, त्यामुळं घरचंच काम. ग्यानोबा खालून टोपल्या भरून देत होता, ईश्वरप्पा वर ओढत होता. एका टोपलीत गाळाचा मोठा गोळा आला. उपडा केला तर आत कूर्मप्पा. डोकं आत, पाय आत, पाठ गार दगड. हलवला, थोपटला, नाकापुढं भाकर धरली. काही नाही.

सिद्धम्मा काकूनं जो हंबरडा फोडला! सासू मेली तेव्हा ती एवढी रडली नव्हती, हे मी खात्रीनं सांगते. अप्पा खाली बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "तीन जिल्हे बघितले, चौथा न्हाई बघितला."

मी जवळ जाऊन वास घेतला. मेलेल्या जिवाला वास सुटतो की नाही? मी म्हटलं, "काकू, वास कसा येत न्हाई?"

"पुण्यवान जीव होता तो," काकू म्हणाली. "त्याला कशाला वास यील?"

संपला विषय. आता बघा, आम्ही कुणबी माणसं. उन्हाळ्यात नांगर चालला की ढेकळातून बेडूक निघतात, डोळे मिटून गोळा झालेले, मेल्यागत. बांधाला टाकून दिले आणि वर पाणी पडलं की टुणकन उडी मारून जातात. गोगलगाय शंखाचं तोंड बंद करून महिने महिने भिंतीला चिकटून बसते. थंडीत साप बिळातून हलत नाही. हे आमच्या पोराटोरांना ठाऊक. पाणी आटलं, थंडी पडली की असे जीव खाणंपिणं बंद करून मातीत पडून राहतात, श्वाससुद्धा पुरवून पुरवून घेतात. मग त्या दिवशी आमच्या डोक्यात उजेड का पडला नाही? कारण कूर्मप्पाला कुणी जनावर समजतच नव्हतं. घरातला माणूस तो. आणि माणूस थंड पडला, हलेना, म्हणजे गेला. आमची अक्कल तिथं पेंड खायला गेली होती, दुसरं काय.

आता त्या लिंगायत लोकांत मयताला जाळत नाहीत. समाधी देतात, मातीत बसवून. अप्पा म्हणाले, कूर्मप्पालाही तशीच समाधी द्यायची. गावच्या जंगम स्वामींना बोलावलं. स्वामींनी कासवाभोवती एक फेरी मारली. "मलप्पा, याला बसवायचं कसं?" त्यांनी विचारलं. प्रश्न बराबर होता. माणसाला मांडी घालून बसवता येतं, कासवाला मांडी कुठून आणायची? शेवटी अप्पांनी तोड काढली. शेतात नाल्याच्या कडेला, त्यांच्या वाडवडलांच्या समाध्यांशेजारी, ग्यानोबानं गुडघाभर खड्डा खणला. जमीन अशी टणक की त्याच्याखाली कुदळ जाईना. दोन विटांच्या आधारानं कूर्मप्पाला शेपटीवर उभा केला, तोंड अप्पांच्या आजोबांकडं. वर बेलाची पानं, विभूती, मग माती. मला इतकं हसू येत होतं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. लोकांना वाटलं धुरपताला दुःख आवरेना.

पण घरी आल्यावर हसू पळालं. सिद्धम्मा काकू ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजेसासऱ्याच्या काळापासून जगलेला जीव. ही आली, यानं घास घेतला न्हाई. ही आली, आड आटला. आता हा बी गेला. पायगुण दुसरा काय असतो?"

शिवगंगा चुलीपुढं होती. तव्यावरली भाकर करपली तरी ती हलली नाही. मला असा संताप आला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि बोल या पोरीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अख्ख्या तालुक्यातले आड आटले होते, ते काय सगळे हिच्या पायानं? पण हे मी मनातच म्हटलं. ईश्वरप्पा चांगला पोरगा, बायकोवर जीव होता त्याचा, पण आईपुढं त्याची बोबडी वळायची. तो एकदा म्हणाला, "अव्वा, असं नगं बोलू." काकू म्हणाली, "तू दुकानात जा." तो दुकानात गेला.

दोन-चार दिवसांत ठरलं. येळवस, म्हणजे सगळ्यांनी रानात जेवायची ती वेळा अमावस्या, झाली की शिवगंगानं माहेरी जायचं. "पाऊस पडंपर्यंत राहू दे तिकडं," असं वरवर बोलायचं. आम्हा बायकांना कळत होतं. असं पाठवलेली पोर परत यायला पाऊस नाही, सासूचं मन लागतं. आणि काकूच्या तोंडी आत्तापासूनच लातूरच्या कुणा व्यापाऱ्याच्या पोरीचं नाव यायला लागलं होतं. "जिल्ह्याच्या ठिकाणची हाय," म्हणे. वा! जिल्हा होऊन सहा महिने झाले नाहीत, तोवर तिथल्या पोरी महाग झाल्या.

येळवशीच्या आदल्या रात्री शिवगंगा माझ्याकडं दुधाचं भांडं द्यायला आली आणि दारातच उभी राहिली. "धुरपता अक्का," ती म्हणाली, "परत गेले तर बापाच्या दारात माझ्या दोन धाकट्या बहिणींना कोण करून घेईल?" एवढंच. रडली नाही. मी तिचा हात धरला.

येळवशीचा दिवस उजाडला. दुष्काळ असला म्हणून आमच्याकडं येळवस काही कुणी सोडत नाही. ज्वारी गुडघ्यालाही लागली नव्हती, तरी कडब्याची कोपी उभी राहिली, आत लक्ष्मी मांडली, सगळ्या भाज्यांची भज्जी शिजली, बाजरीच्या पिठाचे गोल उंडे झाले. आंबील जरा पातळ होती, तर अप्पा म्हणाले, "बरं झालं, तहान बी भागली." त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला बसवायचं असतं, तेव्हा शेजारच्या शेतांतले लोक येऊन जाऊन होते. शिवगंगाचा भाऊ भीमाशंकर देगलूरहून आला होता. तिचं गाठोडं सकाळीच गाडीत टाकलेलं. जेवणं झाली की त्यानं तिला घेऊन निघायचं.

समाध्यांवर निवद दाखवायला स्वामींसकट सगळे नाल्याकडं गेलो. काकूनं सासूला दाखवला, सासऱ्याला दाखवला, कूर्मप्पाच्या ढिगावर उंडा ठेवला. शिवगंगा ताट घेऊन पुढं झाली, तसा काकूनं हात आडवा केला. "तू नगं. तुझ्या हातचं त्यानं जितेपणी घेतलं न्हाई, मेल्यावर कशाला?"

 शिवगंगानं ताट खाली ठेवलं, वळली आणि कोपीकडं चालायला लागली. मला वाटलं गाडीत बसायला निघाली. पण ती पाण्याची कळशी कमरेवर घेऊन परत आली. दीड कोसावरून गाडीनं आणलेलं पाणी ते, सगळ्यांच्या पिण्याचं! ढिगापुढं उभी राहून ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"का रं कूर्मप्पा? तुला पोळी दिली, तू खाल्ली न्हाईस. उपाशी मेलास तू आन नाव माझं लागलं. घे, आता पी! पोटभर पी आन सांग यांना, मी तुझं काय वाकडं केलं होतं!"

आणि सगळी कळशी ढिगावर उपडी केली.

"पाणी! अगं, पाणी! यव्वा, पिसाळली पोरगी!" काकू किंचाळली. अप्पांच्या हातातली आंबिलीची वाटी धोतरावर सांडली. भीमाशंकर बहिणीला धरायला धावला. शिवगंगा रिकामी कळशी धरून उभी. डोक्यावर दुपारचं चांगलं ऊन. ढिगाच्या ढेकळांनी पाणी पिऊन टाकलं, माती खाली बसली, उंडा घरंगळला. सगळे एकदम बोलत होते, म्हणून आधी माझंच लक्ष गेलं. माती हलली.

मी म्हटलं उंदीर असंल. पुन्हा हलली. मग चिखलातून एक लांब नाक वर आलं. नाकावर विभूती, डोक्याला बेलाचं पान चिकटलेलं.

स्वामी "शिव शिव" म्हणत दहा पावलं मागं गेले. ग्यानोबाच्या हातून खुरपं पडलं. कूर्मप्पा आपला शांतपणे एक पाय काढी, थांबे, दुसरा काढी, थांबे. सगळा बाहेर आला आणि पुढ्यात पडलेल्या उंड्याला तोंड लावलं. अप्पा मटकन खाली बसले, हसू लागले आणि हसता हसता रडू लागले. "अरं, झोपला होता! झोपलेल्याला पुरलं आपण!" ते ओरडले. "धुरपते, तू म्हटली होतीस गं!" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ढेकळातले बेडूक आले आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

पण सिद्धम्मा काकू कुठं ऐकते! ती सरळ शिवगंगाच्या पायाशी वाकली. "पायगुण! माझ्या सुनेचा पायगुण! मेलेलं उठवलं गं माझ्या लक्षुमीनं!" आता काय, बोंब झाली. बांधाबांधावरून लोक पळत आले. बायका शिवगंगाच्या पायाला हात लावायला लागल्या. कासव बघायला कमी आणि तिचे पाय बघायला जास्त गर्दी. कुणी म्हणे हिच्या हातचं पाणी द्या, कुणी म्हणे माझ्या म्हशीवरून हात फिरवा.

शेजारचे शेतकरी किशनराव गर्दीतून पुढं आले. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून त्यांनी विहिरीची मंजुरी आणली होती, पण खणायची कुठं ते ठरत नव्हतं. हात जोडून म्हणाले, "सिद्धम्मा काकू, तुमच्या सुनेला माझ्या रानातून एकदा चालू द्या. जिथं हिचा पाय थांबंल तिथं पहिली कुदळ मारतो."

काकूचा चेहरा असा उजळला! "येती की! कामून न्हाई येणार? भीमाशंकर, ते गाठोडं उतरव गाडीतून. माझी सून कुठं बी जात न्हाई."

भीमाशंकर आनंदानं गाडीकडं निघाला. माझाही जीव भांड्यात पडला. पोरीचं घर वाचलं, आणखी काय पाहिजे?

"गाठोडं राहू दे, दादा," शिवगंगा म्हणाली.

भीमाशंकर अर्ध्या वाटेत थांबला.

"अत्ती," ती सासूकडं वळली. सासूला ती अत्तीच म्हणायची. "किशनरावांच्या विहिरीला पाणी न्हाई लागलं तर?"

"लागंल गं! तुझा पाय—"

"न्हाई लागलं तर पुन्हा माझेच पाय ना? उद्या गाय आटली, पोर आजारी पडलं, दुकानात उंदीर झाले, मग कुणाचे पाय?" तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत जात होता. "माझ्या पायानं कूर्मप्पा मेला नव्हता. माझ्या पायानं उठला बी न्हाई. तो झोपला होता, पाणी लागलं, उठला. मला लक्षुमी म्हणू नका, अत्ती. आज लक्षुमी म्हणाल तर उद्या अवदसा म्हणाल. माझ्या पायात काय न्हाई, एवढं चौघांत सांगा. सांगितलं तर मी राहते. न्हाई तर गाडी उभीच हाय."

मी सिद्धम्मा काकूला पुरती ओळखते. मानाची भुकेली बाई. उदगीरपासून देवणीपर्यंत "सिद्धम्माच्या सुनेनं मेलेलं कासव उठवलं" असं नाव झालं असतं, लोक दारात रांगा लावून बसले असते. ते सगळं समोर वाढून ठेवलेलं, आणि सून म्हणते ताट सारा. वर, चौघांत आपलं म्हणणं गिळायचं! ईश्वरप्पा आईकडं बघत होता. आणि मग त्या पोरानं जन्मात पहिल्यांदा काही केलं. तो जाऊन गाडीजवळ, गाठोड्याला हात लावून उभा राहिला.  ती गेली तर हाही जाणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

काकूनं त्याच्याकडं बघितलं. सुनेकडं बघितलं. पदरानं तोंड पुसलं, उगंच दोनदा पुसलं.

"किशनराव," ती म्हणाली, "विहीर तुम्ही तुमच्या पायानं शोधा. माझ्या सुनेच्या पायात काय बी न्हाई."

लोक चुळबुळले. किशनराव काही बोलणार होते, पण काकूचं संपलं नव्हतं. ती शिवगंगाकडं वळली आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तवा बी नव्हतं. मीच बोलले ते. खोटं बोलले."

मी तिथंच ढसाढसा रडले, लाज कसली. शिवगंगानं रिकामी कळशी खाली ठेवली, मातीनं भरलेले हात लुगड्याला पुसले आणि भावाला हाक मारली.

"दादा, तू पोटभर जेव आन मग जा. आईला सांग, मी माझ्या घरी हाय."